धुराड्याची ओढ

गवंडी सखारामने पेटती उदबत्ती दिवाणखान्यातल्या जुन्या धुराड्याच्या तोंडाशी धरली, आणि सरळ वर चढणारी धुराची रेघ एकाएकी वाकून आत शिरली. मी खुर्चीवरून उठलोच.

“ओढ झकास आहे, काका! फायरप्लेस इथं छान पेटेल. पण एकटा माणूस सात खोल्या तापवून करणार काय? निजायच्या खोलीत लहान शेगडी बसवू, भागेल.”

त्याचं खरं होतं. माझी पत्नी सुमन गेल्यापासून दोन हिवाळे मी पुस्तकांसकट, चहाच्या भांड्यांसकट त्या एकाच खोलीत राहतो आहे. विचारणाऱ्याला महाबळेश्वरची थंडी हे कारण सांगतो. घर लहान केलं की तिचं नसणंही लहान होईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. दुःखाला जागा कमी पडली की ते माणसाला चिकटूनच बसतं. मोठ्या घरात निदान त्याला हिंडता-फिरता येतं.

धूर अजून आत ओढला जात होता. खुर्च्या कशा मांडायच्या, लाकडं कुठं रचायची, सुट्टीत भाचरांना कधी बोलवायचं, सगळं मला एकदमच सुचू लागलं.

“इथंच बांध,” मी म्हणालो. “चांगली मोठी.”

“मग सगळी दारं उघडी ठेवावी लागतील हां. आधी बिजागऱ्यांना तेल घाला.”

तेल स्वयंपाकघरात होतं. ते दार खांद्यानं ढकलावं लागलं. कुरकुरलं खूप, पण उघडलं.