शेवटी येणारा ‘नका’

माझं पोट प्रोग्रॅमिंगवर चालतं, पण मी कोड लिहीत नाही. स्क्रीनवर चौकोन मांडते, माउसनं एका चौकोनातून दुसऱ्यात तारा ओढते आणि तळोज्याच्या कारखान्यांतली मशीनं त्याप्रमाणे चालतात. करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत लोकांना वाटतं मी वायरमन आहे. एका काकांनी तर मला गीझर बघायला बोलावलं होतं.

मागे काम चालू होतं एका मसाल्याच्या कारखान्यात. तिथला मिक्सर खोलीएवढा. बटण बंद केलं तरी आतली पाती थोडा वेळ फिरत राहायची. झाकणाला सेफ्टीचं कुलूप होतं, पण कुलपं बिघडतात, म्हणून स्क्रीनवर लाल पट्टीत सूचना यायची की झाकण उघडू नका. ती इंग्रजीत. आणि मशीन चालवायच्या जवळच्या नावडे गावच्या एक मावशी.

मी त्यांना विचारलं, “मावशी, काय लिहिलंय हे?”

“काय म्हाईत, बाय. लाल झाला का आमी थांबतो.”

पण मसाला संपला तरी पट्टी लालच व्हायची, आणि तेव्हा झाकण उघडावंच लागायचं. माझं डोकंच फिरलं. ज्या बाईचा हात आत जाणार, तिला सोडून बाकी सगळ्यांना वाचता येईल अशी सूचना! कुणाला न विचारता मी तिथे मराठी टाकलं आणि रिकाम्या मिक्सरवर चाचणी घेतली.

स्क्रीनवर आलं, ‘झाकण उघड’.

सूचनेचा अर्थच उलटा झाला होता. आमचं सॉफ्टवेअर अक्षरं मोजत नाही, मेमरीतले खण, म्हणजे बाइट, मोजतं. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो. आपल्या अक्षराला तीन लागतात, आणि काना, मात्रा, उकार यांना पुन्हा वेगळे तीन. सूचनेची चौकट इंग्रजीच्या मापानं बेतलेली. ती भरली तिथे वाक्य तुटलं, ‘डू’चा उकार गेला आणि ‘नका’ही गेला. इंग्रजीत नकार आधी येतो, म्हणून तो वाचतो. आपण आधी काय ते सगळं बोलून घेतो आणि मग नाही म्हणतो.

आमच्या छोट्या ऑफिसचे मालक, म्हणजे आमचे साहेब, शेजारीच उभे होते. माणूस वाईट नाही, पण कायम घाईत.

“बघ! तुझ्या मराठीनं उद्या कुणाचा तरी हात जाईल. इंग्लिश टाक परत, टेन्शन नको.”

“मराठीनं नाही, साहेब. चौकटीनं.”

“मग ‘झाकण बंद ठेवा’ लिही.”

लिहिलं. ‘झाकण बंद’ एवढंच उरलं. बंद आहे की बंद कर, कुणाला कळणार?

“बरं, ‘नका’ पुढे घे. ‘नका उघडू झाकण’.”

मला हसूच फुटलं. “मशीन आहे ते, साहेब. विनवण्या नाही करायच्या, बजावायचंय.”

“मग इंग्लिश अक्षरांत लिही. आपण मेसेज पाठवतो तसं.”

“मावशींना ती अक्षरं येत असती तर मी हा उद्योग कशाला केला असता?”

“अगं, सॉफ्टवेअरलाच जमत नाही, तर तू काय करणार?”

हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले आहे. फॉर्ममध्ये बसत नाही, फॉन्टमध्ये नाही, सिस्टीम घेत नाही. दर वेळी आपणच अंग चोरून बसायचं. मी साफ सांगितलं, मराठी पूर्ण दिसल्याशिवाय कामाच्या कागदावर माझी सही नाही. हवं तर दुसऱ्या कुणाची घ्या. साहेब तणतणत निघून गेले, पण दुसऱ्या कुणाला त्यांनी बोलावलं नाही.

मग मी बसले. एकेक चौकोन उघडला, खण वाढवले, तारा काढून पुन्हा जोडल्या. खण मोजणारे चौकोन काढून अख्खी अक्षरं मोजणारे स्वतः बनवले. खूप कटकटीचं काम होतं आणि मला त्यात प्रचंड मजा आली. शेवटी स्क्रीनच्या त्या रुंदीत ‘नका’नंतरही जागा उरली. ती मी मुद्दाम तशीच ठेवली.

शेवटच्या चाचणीला साहेब आले, हाताची घडी घालून उभे राहिले. मावशींनी मिक्सर चालवला, बंद केला, आणि सवयीनं त्यांचा हात झाकणाच्या कडीकडे गेला. आत पाती फिरतच होती. पट्टी लाल झाली. मावशींनी मान वर केली आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

“झाकन... उघडू... नका.”

हात कडीवरून मागे आला. माझ्या किंवा साहेबांच्या नव्हे, मशीनच्या तोंडाकडे बघत त्या म्हणाल्या, “बरा बाय, नाय उघडत.”