ठिपका सोडून गेलेली रेघ

अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला आमच्या नगरच्या कॉलेजात तिघींचा गट असायचा. एकीने वजनं लावायची, एकीने रीडिंग घ्यायचं, एकीने ग्राफ काढायचा. केडगावची माझी मैत्रीण रीडिंग घ्यायची आणि पेन्सिल माझ्या हातात. पाचवीपासून आम्ही एका बाकावर; तिच्या डब्यावर माझा हक्क, तिच्या रुसव्यावरही. तिसरी मुलगी बदलत राहायची, तिला आम्ही खिजगणतीत धरत नसू.

मग सुप्याहून एक नवी आली. तिचं ‘लई’ ऐकून मी मैत्रिणीला कोपराने ढोसलं, तर ती हसली नाही. पुढच्याच आठवड्यात स्प्रिंगचा प्रयोग होता आणि मैत्रीण सहज म्हणाली, “आज ग्राफ हिला काढू दे ना.” माझा नुसता जळफळाट झाला. मी मुकाट्याने वजनं लावायला लागले.

स्प्रिंग लांबत गेली, मैत्रीण आकडे सांगत गेली. नवीने ठिपके मांडले. आडव्या अक्षावर वाढलेली लांबी, उभ्यावर वजन. ठिपक्यांमधून जाणाऱ्या रेघेचा चढ काढला की स्प्रिंग किती ताठ ते कळतं. एक ठिपका चांगलाच बाजूला पडला होता. हिची रेघ वाकडी येऊ दे, सर कागद फाडायला लावू देत, असं मी मनात घोकत होते. तिने फूटपट्टी ठेवली आणि तो ठिपका खुशाल सोडून रेघ ओढली.

“बघ, तुझं रीडिंग सोडून दिलं हिने,” मी लगेच मैत्रिणीला म्हटलं. मला भांडण हवं होतं. तिला चूक दाखवलेली अजिबात खपत नसे; म्हणून तर तिचा भरकटलेला ठिपका गाठायला मी दर वेळी रेघ थोडी कलती करायचे आणि उत्तर चुकलं की स्प्रिंगला नावं ठेवायचे.

“लई लांब पडतोय गं त्यो,” नवी म्हणाली. “बघताना चुकलं असंल तुझं.”

“चुकलंच असेल,” मैत्रीण हसत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “ते वजन परत लाव गं, नीट बघते.”

मी वजन लावलं. दोघींची डोकी पट्टीपाशी एकमेकींना चिकटलेली. नवं रीडिंग बरोब्बर रेघेवर बसलं आणि मैत्रिणीने टाळी दिली, ती नवीला. ‘माझं चुकलं’ असं माझ्याशी ती कधी बोललीच नव्हती. ते बोलायची पाळी तिच्यावर येऊ न देणं, यालाच मी मैत्री समजत होते.

मैत्रिणीने मोबाईलवर ग्राफचा फोटो काढला. “तुला पाठवते,” ती मला म्हणाली, “उतरवून घे.”