पिठाचा नवरा

सारजाबाईला मदत करायची असं सोलापुरातल्या शहाण्या माणसांनी ठरवलं, तेव्हापासून तिच्या मागं साडेसाती लागली. त्याआधी ती नुसती गरीब होती.

वैरागकडची शेतकऱ्याघरची बाई. नवरा हिंदुराव मोहोळच्या बाजाराला बैल बघायला म्हणून गेला, तो गेलाच. बैल पसंत पडले नसावेत. सासरच्यांनी थोडे दिवस वाट बघितली आणि मग हिचं गाठोडं बांधून दिलं. ती भवानी पेठेत एका खोलीत येऊन राहिली. शेजारी गौरम्मा होती, लिंगायताची. कपाळाला विभूती, तोंडात पान, बोलणं अर्धं कानडी. तिच्याकडून सारजाबाई कडक भाकरी शिकली. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि चुलीच्या कडेला धगीला उभी करून खडखडीत वाळवायची. अशी भाकरी महिनाभर टिकते. सुरुवातीला सारजाबाईनं इतक्या जाळल्या की गौरम्मा म्हणाली, "यव्वा, कोळसा विकायचा असंल तर तसं सांग की." पण हळूहळू हात बसला. मग बुट्टीत भाकरी आणि वाटीत शेंगाची चटणी घेऊन ती गिरणीच्या वाटेवर बसायला लागली. पोलिसानं उठवलं की उठायची, त्याची पाठ वळली की पुन्हा बसायची. ऊन, धूळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची बोलणी खात तिनं बरीच वर्षं काढली. तिचं मागणं एकच होतं. कुणी उठवणार नाही अशी एक जागा पाहिजे होती.

अशी जागा पेठेतच होती. एका वारलेल्या शेटजींनी विधवांच्या कल्याणासाठी ठेवलेलं घर आणि त्याला रस्त्याच्या अंगाला मोठा, पत्र्याची सावली असलेला ओटा. हे घर 'अबलोद्धार मंडळा'च्या ताब्यात होतं आणि मंडळ पद्मजाबाईंच्या ताब्यात होतं. पद्मजाबाई वकिलीणबाई. मनानं फार चांगल्या. कुणाचं दुःख दिसलं की त्यांना लगेच सभा बोलवावीशी वाटे.

सारजाबाई ओटा मागायला गेली, तेव्हा त्यांनी तिच्या हातात आधी क्रोशाची सुई दिली. मंडळात बायकांना स्वावलंबी करण्यासाठी खुर्च्यांच्या पाठीवर घालायचे रुमाल विणायला शिकवत. भवानी पेठेत खुर्च्या नव्हत्या, ही गोष्ट मंडळाच्या ध्यानात आली नव्हती. सारजाबाईनं सहा महिने खपून एक रुमाल विणला. तो इतका वाकडा झाला की पद्मजाबाईंनी स्वतःच सांगितलं, "राहू दे. तू आपली भाकरीच कर."

"मग ओटा द्या की, बाईसाहेब."

"ओटा विधवांसाठी आहे, सारजाबाई. शेटजींची तशी इच्छा होती. तुला तर नवरा आहे."

"कुटं हाय?"

"कुठंतरी असेलच ना!"

सारजाबाईला वाटलं, इथंच मिटलं. पण पद्मजाबाई हातात घेतलेलं माणूस सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. ओटा द्यायला नियम आड येतो म्हणून नियम बदलावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी सारजाबाईला बदलायचं ठरवलं. नारायणभटांना बोलावणं गेलं. भटजी म्हणाले, परागंदा माणसाची बारा वर्षं खबर नसली तर त्याचा पुतळा करून दहन करावं, मग तो मेला असं शास्त्र मानतं. वकीलसाहेब आतून म्हणाले, कायद्याला सात वर्षं पुरतात. शास्त्र आणि कायदा दोघांचाही मान राखावा म्हणून मंडळानं सरासरी काढली. ती साडेनऊ आली. हिंदुरावाला जाऊन दहा झाली होती. तेव्हा एकमतानं तो वारला.

पुतळा पळसाच्या पानांचा, वर पिठाचा लेप. भटजींच्या हातून लेप काही बसेना, डोकं सारखं गळून पडायचं. शेवटी सारजाबाईच पुढं झाली. तिनं पीठ गरम पाण्यात मळून घेतलं आणि आपला नवरा आपल्या हातानं नीट थापून दिला. वैरागहून आणलेल्या एका चुलतदिरानं तो स्मशानात नेऊन जाळला. पुतळ्यासाठी तिला रडू आलं नाही. बांगड्या फोडल्या तेव्हा मात्र ती धाय मोकलून रडली. हिरव्या बांगड्यांची तिला हौस होती, कुंकू तर ती चांगलं मोठं, रुपयाएवढं लावायची. दहा वर्षं नवरा नव्हता, पण त्याचं कुंकू होतं. आता तेही गेलं आणि ओटा आला.

ओटा मात्र फळला. महिन्याभरात तिथं गिऱ्हाइकाची रीघ लागली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला माणसं कडक भाकऱ्यांच्या चळती बांधून नेऊ लागली. सारजाबाईनं हाताखाली दोन बायका ठेवल्या, आणि एकीलाही क्रोशाची सुई दाखवली नाही. मंडळाला तर तिच्या रूपानं घबाडच लाभलं होतं. दरवर्षी मंडळाचा मोठा समारंभ असे आणि तो हळदीकुंकवाचा असे. विधवांच्या उद्धारासाठी भरलेल्या त्या समारंभात विधवांना अर्थातच बसता येत नसे. सारजाबाईनं आत माजघरात थांबायचं आणि भाषणात तिचं नाव आलं की दारात येऊन नमस्कार करायचा. टाळ्या झाल्या की पुन्हा आत. असे तीन समारंभ झाले.

आणि एका सकाळी हिंदुराव आला.

इतकी वर्षं तो हुबळीकडं एका नाटक कंपनीत पडदा ओढत होता. बोलपट आले, कंपनी बुडाली, तेव्हा त्याला बायको आठवली. सारजाबाईनं त्याला ओळखलं. तिनं आधी तांब्या भरून पाणी आणलं. पाणी घेऊन बाहेर येते तो हा गल्ल्यापाशी मांडी घालून बसलेला, आणि हात गल्ल्यात.

"बरं चालवलंयस की," हिंदुराव म्हणाला. "आता तू निवांत भाकऱ्या थाप. हितलं मी बघतो."

आणि मजा म्हणजे पेठेला ते लगेच पटलं. ज्या गिऱ्हाइकांनी तीन वर्षं सारजाबाईच्या हातात पैसे ठेवले, तीच "मालक आले, मालक आले" म्हणत त्याच्या हातात ठेवू लागली. सारजाबाई तांब्या धरून तशीच उभी राहिली. दहा वर्षं हा माणूस यावा म्हणून तिनं देवाला घातलेलं गाऱ्हाणं देवानं आत्ता ऐकलं होतं.

बातमी मंडळात पोचली आणि पद्मजाबाई धावत आल्या. "तुम्ही जिवंत कसे?" त्यांनी विचारलं.

"मी मेलो कवा?"

"चांगले विधिपूर्वक मेलात! आमचा खर्च झालाय!"

पंचाईत मोठी होती. नवरा जिवंत, म्हणजे सारजाबाई विधवा नाही. विधवा नाही, म्हणजे ओट्यावर हक्क नाही. शिवाय तीन समारंभांत तिच्या वैधव्यावर तीन पाहुण्यांनी अश्रू ढाळले होते, ते परत कसे घ्यायचे? पुन्हा नारायणभट आले. भटजींच्या शास्त्राला कशाचीही अडचण नसते. ते म्हणाले, ज्याचं दहन झालं तो मेलाच. तो परत आला तर त्यानं पुन्हा जन्म घ्यावा, त्याचं बारसं व्हावं आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लागावं. तोवर हा परका पुरुष.

'पुन्हा लग्न' हे शब्द कानावर पडताच पद्मजाबाईंचा चेहरा उजळला. मंडळ विधवाविवाहाचा ठराव दरसाल पास करत होतं, पण विधवेशी लग्न करायला तयार असलेला पुरुष काही मिळत नव्हता. हा तर आयता दारात येऊन बसलेला! त्यांनी तिथंच सगळं ठरवून टाकलं. लग्न मंडळाच्या अंगणात होईल. नंतर सारजाबाई विधवा राहणार नाही, तेव्हा ओटा हिंदुरावांच्या नावानं भाड्यानं देऊ. पुरुष माणूस आहेत, व्यवहार बघतील. सारजाबाईनं भाकऱ्या कराव्यात. सगळ्यांनी माना डोलावल्या. सारजाबाईकडं कुणी बघितलंही नाही. ती चहाचे पेले विसळत होती.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव जन्माला आला. अंगणात मोठं घंगाळ मांडलं, त्यात पाणी आणि तूप, आणि त्यात पोटाशी गुडघे घेऊन हिंदुराव. गर्भ म्हणून मुठी आवळायच्या आणि तोंड उघडायचं नाही अशी भटजींची सक्त ताकीद. मिशांना तूप लागलेला तो गर्भ तासभर माशा हाकलता येत नाहीत म्हणून नुसता डोळे वटारत होता. मंत्र झाले, त्याला बाहेर काढलं, मध चाटवला. आता बाळ कुणाच्या मांडीवर द्यायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा मंडळाच्या सगळ्या भगिनी एकदम फराळाच्या व्यवस्थेला गेल्या. पाटावरच बारसं उरकलं. नाव हिंदुरावच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी लग्न. अंगणात सतरंज्या, मंडळाच्या बायका, वकिलांचे स्नेही, भिंतीवर चढलेली निम्मी पेठ. मंडळानं आपली म्हणून एक सुधारलेली पद्धत ठरवून ठेवली होती. पुनर्विवाहात अंतरपाट धरण्याआधी वधूची संमती सभेसमोर विचारायची. पद्धत छान होती, वापरायची वेळ आजच आली होती.

पद्मजाबाईंनी गहिवरल्या आवाजात विचारलं, "सारजाबाई, या लग्नाला तुझी खुशी आहे ना?"

"न्हाय," सारजाबाई म्हणाली.

सभेत हसू पिकलं. लाजली, असं सगळ्यांना वाटलं. पद्मजाबाईंनी पुन्हा विचारलं. सारजाबाई पुन्हा म्हणाली, "न्हाय, बाईसाहेब."

आता हसू थांबलं. हिंदुराव पाटावरून अर्धवट उठला. "अगं, काय बोलतीस? मी नवरा हाय तुजा!"

"माजा नवरा जळला. सगळ्या पेठंनं बगितलंय," ती म्हणाली. "ह्यो काल जन्माला आलाय. दोन दिसाच्या पोराशी लगीन लावाय लागलाय, आन् नवरा अठरा वर्सांचा पायजे असा सरकारचा कायदा झालाय न्हवं? वकीलसाहेबास्नी इचारा. समद्यास्नी दंड हुईल."

बालविवाहाच्या कायद्यावर मंडळात तीन व्याख्यानं झाली होती आणि तिन्ही वेळा चहा सारजाबाईनंच दिला होता. वकीलसाहेबांनी नारायणभटांकडं बघितलं. भटजी पंचांग चाळू लागले. पुतळा खोटा म्हणावा तर मंडळ खोटं पडत होतं, आणि खरा म्हणावा तर नवरदेव पाळण्यात जात होता. सगळ्यांनी मिळून रचलेलं सगळ्यांच्याच अंगावर आलं होतं. भिंतीवरची पेठ मात्र पोट धरून हसत होती.

"अगं पण यांनी जायचं कुठं?" पद्मजाबाई काकुळतीला आल्या. "ना घर, ना दार, ना कुणी मागंपुढं..."

"म्हंजी निराधारच की," सारजाबाई म्हणाली. "घ्या मंडळात. सुई हाय कपाटात."

आणि ती उठून ओट्यावर गेली. ओटा तिचाच राहिला. तिला विधवा मंडळानंच केलं होतं आणि ती अजून विधवा होती, तेव्हा कुणाला काही करता येईना.

गौरम्मा मागोमाग आली. सारजाबाई परातीत पीठ घेऊन बसली होती, पण हात चालत नव्हते आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. गौरम्मा शेजारी टेकली.

"अक्का, वाईट वाटतंय व्हय? हो म्हणाली असती तर कुंकू परत आलं असतं की गं."

"वाटतंय की," सारजाबाई म्हणाली. "लई वाटतंय. न्हाय कशाला म्हणू?" तिनं पदरानं डोळे पुसले. "पर गौरम्मा, नवरा केला तवा माज्या बाला इचारलं. नवरा मारला तवा वकिलाला इचारलं. मला आजच इचारलं गं."