मास्तरांचा चौथा धडा

मास्तरांचं डोकं शाबूत आहे, हे दोन वर्षं फक्त मला ठाऊक होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. घरी बायकोलासुद्धा.

लातूरला मी प्रिंटिंग प्रेस चालवतो. गेल्या आठवड्यात मास्तर काउंटरवर आले. निवृत्त शिक्षक. आमच्या भागातल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याआधीचे धडे शिकवायचे. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, समोरच्या मेडिकलवर थांबल्या होत्या.

“मालक, कार्डं पाहिजेत. नाव, पत्ता आणि बाईचा मोबाईल.”

“या वयात नवा धंदा काढून राहिले का काय, मास्तर?”

“खिशात ठेवायला. हरवलो तर लोक घरी आणून सोडतील. डोकं काम करंना झालंय.”

माझा हात की-बोर्डवर तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी त्यांची धड्यांची पुस्तिका मीच छापली होती. येशू कोण आणि त्यानं माणसांसाठी काय केलं, एवढाच विषय. आमच्या धंद्यात एका मोठ्या शीटवर मावणाऱ्या पानांना फर्मा म्हणतात. त्या पुस्तिकेचा फर्मा सोळा पानांचा. मास्तरांनी प्रूफ तपासून सही केली, आणि मग माझ्या लक्षात आलं की पानं सतरा होताहेत. मोजायची चूक माझीच. कव्हर छापून झालेलं, रविवारी वर्ग सुरू होणार. मी चौथा धडा काढून टाकला.

तोच का? तिसऱ्यात येशू पूर्ण देव आहे असं होतं. चौथ्यात तोच पूर्ण माणूस. त्याला भूक लागते, थकून तो विहिरीपाशी बसतो, मित्राच्या कबरीपाशी रडतो. मला वाटलं, देव म्हटल्यावर हे कशाला? उलट कमीपणाच. पुढच्या धड्यांचे नंबरही मीच सलग करून टाकले.

पुस्तिका वाटल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. “येशू पूर्ण माणूस होता, हा मास्तरांचा धडा कुठाय?”

“हस्तलिखितात नव्हताच,” मी म्हणालो.

हस्तलिखित माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. एकच प्रत. पाळकसाहेबांनी विचारल्यावर मास्तर म्हणाले, “लिहिला होता वाटतं... नसेलही.” तीस वर्षं शिकवलेला धडाच विसरले म्हटल्यावर वर्ग दुसऱ्याकडे गेला. नंतर मास्तरांना चष्मा सापडला नाही तरी लोक एकमेकांकडे बघायचे.

आता कार्डं राहिली बाजूला, मी तोच ड्रॉवर उघडला. चौथ्या धड्याचं पान काउंटरवर ठेवलं आणि सांगून टाकलं. नंबरांसकट सगळं.

मास्तरांनी स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मी शिव्यांची वाट बघत होतो.

“म्हणजे लिहिला होता मी?”

“हाव.”

“म्हणजे डोकं ठीक हाय माझं?”

“ठीक आहे, मास्तर. खराब झालं होतं ते माझं.”

ते इतक्या मोठ्यानं हसले की कटिंग मशीनवरचा माणूस वळून बघायला लागला.

“माझी चूक तुम्ही अंगावर घेतली होती का? पुस्तिकेतल्या येशूनं लोकांची पापं घेतली तशी?” मी विचारलं.

“छ्या! मला खरंच वाटलं, आपण विसरलो. येवढा मोठा मी न्हाई. जाणूनबुजून घेणारा एकच.” डोळे पुसत ते पुढं म्हणाले, “पण मालक, काढायचाच होता तर दुसरा काढायचा! आडात पडलेल्याला वरून हाका मारणारे लई असतात. हा माणूस होऊन खाली उतरला. नेमकं तेच कापलं तुम्ही.”

मी ते पान पुन्हा छापायला बाजूला काढलं.

“बाईला मी सांगणार न्हाई,” ते म्हणाले. “ते तुमचं काम हाय. कार्डं राहू द्या.”

बाई औषधांची पिशवी घेऊन आल्या, त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून घेऊन गेल्या. मी काउंटरच्या मागेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे मात्र गेलो. रागावले, ते बरोबरच होतं. बाईंना मी सांगेपर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलं. चौथा धडा सुट्या पानावर छापून दिलाय, जुन्या प्रतींत चिकटवायला. येत्या रविवारपासून वर्ग पुन्हा मास्तरांकडे. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागतंय.

सही झालेल्या प्रूफवर छापणाऱ्यानं शहाणपण चालवू नये. विषय कळला नसेल तर मुळीच नाही.

बाई अजून रोज सकाळी मास्तरांच्या शर्टाच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवतात. ती आता नको, आणि का नको, हे त्यांच्यासमोर उभं राहून मी सांगायचं बाकी आहे.