पाळलेली उधई

दुष्काळात सगळ्याचीच टंचाई होती, किश्श्यांची तेवढी नव्हती. आमच्या लॅबमध्ये तर रोज एक नवा!

आमच्या कॉलेजात गायकवाड सरांनी काचेच्या पेटीत उधई, म्हणजे वाळवी, पाळली होती. लोक उधई मारतात, हे पाळतात! सरांचं म्हणणं, उधई वारुळात बुरशीची शेती करते आणि तीच खाते. तिच्या अंगावरचे जंतू असलं काही औषध सोडतात, की दुसरी बुरशी त्या शेतात शिरतच नाही. त्या औषधावर सरांना पीएचडी करायची होती.

शिपाई शिवअप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी सोसायटीच की हो! चेअरमन कोण?"

"राणी."

"इलेक्शन?"

"नाही. मरेपर्यंत तीच."

"मग आपल्यासारखंच हाय!"

*

पेटीसाठी उधई आणायला, वारूळ फोडायला आम्ही अणदूरला गेलो, तो दिवस नेमका नागपंचमीचा. बाया लाह्या-दूध घेऊन हजर! एक म्हातारी कडाडली, "आजच्या दिवशी कुदळ लावता व्हय?"

सर घाबरून म्हणाले, "आजी, आत औषध आहे."

झालं! दुपारपर्यंत निम्मं गाव गुडघ्याला वारुळाची माती फासून बसलं. कमरेएवढं वारूळ घोट्यावर आलं. सरांनी कपाळाला हात लावला, तर म्हातारी म्हणते, "कुदळ न्हाय लावली बगा, हातानंच उकरलं!"

*

उधईला ओल लागते. टँकर कधी यायचा, कधी नाही. सर घरच्या हंड्यातलं पाणी आणून पेटीत शिंपडायचे. शेवटी वहिनी लॅबमध्ये आल्या. "पुढच्या जन्मी मला उधईच करा म्हणावं देवाला. डोकं तरी धुवायला मिळंल!"

*

मग पुण्याहून सरांचे गाईड यायचे ठरले. जिवंत उधई दाखवली नाही, तर रजिस्ट्रेशन रद्द! सरांना जेवण जाईना.

त्या सकाळी लॅब उघडली, तर सगळीकडं पांढरी पावडर. पेटीत सगळी उधई मेलेली.

शिवअप्पा हसतमुख. "पाव्हणा यायचा, किडामुंगी नको म्हणून सोसायटीतली बीएचसी पावडर मारली. पेटीत तर लई किडे होते! सायबाची खुर्ची तेवढी सोडली, पँट खराब व्हईल म्हणून."

सर चिमट्यानं एकेक उधई हलवून बघू लागले. मला तर रडूच यायला लागलं.

तेवढ्यात पुण्याचे गाईडसाहेब आले. त्यांनी पेटी बघितली. "गायकवाड, विषय संपला," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कडाड! साहेब जमिनीवर, चष्मा टेबलाखाली. खुर्चीचा पाय आतून पार पोकळ, आणि त्यातून उधई वळवळत बाहेर येतेय. आम्ही उचलायला धावलो.

"हात लावू नका मला!" साहेब पडल्या पडल्या ओरडले. "आधी बरणी आणा!"