कुंकू लावलेलं विमान

माझ्याकडे विमान होतं असं म्हटलं की लोक आधी माझ्या चपलांकडे बघतात. त्यात त्यांची चूक नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप आहे, आम्ही पंपांचे शाफ्ट करतो, आणि माझ्या शर्टाला कुठे ना कुठे ऑइलचा डाग असतोच. विमान म्हटलं की लोकांना मंत्री आठवतात. आमचं विमान म्हणजे शेजारीशेजारी दोन सीट, पुढे एक पंखा, कापडाने मढवलेले पंख, आणि वजन वर्कशॉपमधल्या जुन्या लेथच्या निम्म्यानेही नाही. तेही सेकंडहँड. कराडच्या धावपट्टीवर एका पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं असायचं आणि मी रविवारी सकाळी सांगलीहून गाडी काढून त्याच्याकडे जायचो. असं नऊ वर्षं चाललं.

या नऊ वर्षांत बायको एकदाही त्यात बसली नाही. ती आटपाडीकडची. माहेरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं, चालणं हाच त्यांचा धंदा. जिथे पाय टेकत नाहीत त्यावर तिचा विश्वास नाही. मी रविवारी निघालो की ती दारात यायची नाही, स्वयंपाकघरातूनच विचारायची, "परत कवा येनार?" मी परत आलो की चहा टाकायची. चहा टाकला की तिचा आठवडा सुरू व्हायचा, हे मला फार उशिरा कळलं.

मला साठ पूर्ण झाली त्या दिवशी तिने विषय काढला. "आवं, आता पुरं झालं. विका त्ये." मी चिडलो. माझा चिडण्याचा लौकिक मोठा आहे, वर्कशॉपमध्ये मी आलो की रेडिओचा आवाज आपोआप कमी होतो. पण तिच्यापुढे चिडून उपयोग नसतो, ती भांडी लावत राहते. शेवटी मी सौदा केला. एकदा माझ्याशेजारी बस. उतरल्यावर विक म्हणालीस तर एक शब्द न बोलता विकेन. ठेव म्हणालीस तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

तिने पाच महिने घेतले. मग एक दिवस म्हणाली, "बसती. पर आधी खंडेनवमीला त्याची पूजा करनार. दसऱ्याला बसती."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वर्कशॉपमध्ये त्या दिवशी लेथ, ड्रिल, अगदी साधा पानासुद्धा धुऊनपुसून मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. पूजेला लावलेल्या यंत्राला दसरा उजाडेपर्यंत कोणी हात लावत नाही. आणि वाहिलेलं कुंकू पुसायचं तर मुळीच नाही, ते आपलं आपण जाईल तेव्हा जाईल. वर्कशॉपची पूजा दरवर्षी तीच करते. त्या वर्षी वर्कशॉप उरकून आम्ही कराडला गेलो.

तिने विमानाची पूजा एखाद्या बैलाची करावी तशी केली. आधी ओल्या फडक्याने तोंड पुसलं, मग चाकांना, पंख्याला, दारांना ओलं हळदकुंकू आणि अक्षता. पंखाखाली पुढे आलेली एक बारकी नळी असते. तिच्या तोंडातून वारा आत शिरतो आणि त्या दाबावर आतला काटा वेग दाखवतो. किडा-मुंगी जाऊ नये म्हणून तिला लाल कापडी टोपी घातलेली असते. बायकोने विचारलं, "ह्येचं तोंड का झाकलंय?" मी म्हणालो, ते महत्त्वाचं आहे म्हणून. महत्त्वाचं म्हटल्यावर तिने टोपी काढली, नळीच्या तोंडाला भरपूर ओलं कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि टोपी पुन्हा घातली. मी बघत होतो. तिने त्या यंत्राला पहिल्यांदा हात लावला होता आणि मला इतका आनंद झाला होता की माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

दसऱ्याला सकाळी आठला आम्ही शेडपाशी होतो. उड्डाणाची परवानगी आदल्या दिवशीच घेऊन ठेवली होती. ती नवी साडी नेसून आली होती, हातातली पिशवी काही केल्या सोडत नव्हती. मी नेहमीप्रमाणे विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट तपासली. नळीची टोपी काढली. तोंडावर वाळलेलं कुंकू दिसलं. नळीचं भोक वाकून बघायचं असतं, त्यात काही असेल तर साफ करायचं असतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण ती चार पावलांवर उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या देखत तिचं कुंकू कसं पुसू? वरवरच असेल असं मी मनाला सांगितलं आणि पुढे गेलो.

विमान पट्टीवर धावू लागलं. अशा वेळी नजर एकदा वेगाच्या काट्यावर टाकायची, तो हलला की पुढे जायचं. काटा शून्यावर होता. तेव्हा निम्म्याहून जास्त पट्टी पुढे शिल्लक होती. इंजिन बंद करून ब्रेक लावला असता तर आम्ही आरामात थांबलो असतो. शेजारी तिने दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली होती आणि डोळे मिटले होते. आता थांबलो तर ही उतरेल, आणि पुन्हा जन्मात बसणार नाही, आणि विमान जाईल. हा विचार करायला मला एक सेकंदही लागला नाही. मी थांबलो नाही.

वर गेल्यावर काटा हलला, पण खोटा. नळी बुजली की तो उंचीबरोबर आपोआप चढत जातो. हजार फुटांवर तो असा वेग दाखवत होता की आमचं विमान जन्मात तेवढं पळालं नसेल. मी त्याच्याकडे बघणं सोडलं. इंजिनाचे फेरे, नाक क्षितिजाच्या किती खाली आहे, आणि वाऱ्याचा आवाज, एवढ्यावर चालवत राहिलो. नऊ वर्षांची सवय होती, जमत होतं.

तिने डोळे उघडले ते कृष्णेवर. मग पिशवी मांडीवर ठेवली. मग काचेला नाक लावलं. खाली उसाचे हिरवे पट्टे आणि मध्येच सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं. एका रानात पांढरे ठिपके होते.

"आवं, थांबा की जरा! मेंढरं हायती!"

विमान थांबत नाही गं, मी म्हणालो.

"मग मागं वळवा. बसवल्यात बगा रानात, खतासाठी. त्यो झाडाखाली बसलाय त्यो मेंढका. माजा बा असाच बसायचा. दर साली ह्याच वाटेनं जायचा चालत, आमी मागनं." तिचा आवाज मी चाळीस वर्षांत असा ऐकला नव्हता. "आजून एकदा वळवा की."

वेग कळत नसताना आवळून वळणं म्हणजे विमान पडायला आमंत्रण. मी लांबलचक, हलक्या हाताने वळण घेतलं. ती कुरकुरली, "एवढ्या लांबनं का?" मी सांगितलं नाही. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

उतरताना जरा जास्तच वेगात आलो, चाकं एकदा टेकून उसळली, मग बसली. इंजिन बंद केलं. ती खाली उतरली, साडी झटकली आणि म्हणाली, "ठेवा. पुढच्या रविवारी परत जाऊ. आटपाडीकडं जाता येईल का?"

तिचा चेहरा असा फुललेला असताना मी मागे राहिलो, नळीत टाचणी घातली. हळदकुंकवाचा घट्ट गोळा निघाला, त्यात तांदळाचा एक दाणा.

पलूसच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी सांगितलं. आधी ती घाबरली. "म्हंजी माज्या कुकवानं घात केला असता?"

"नाही. ते काढणं माझं काम होतं. दोन मिनिटांचं."

"मग?"

"काटा शून्यावर होता हे मी खालीच बघितलं. थांबायला जागा होती. थांबलो नाही."

"का?"

"तू उतरली असतीस."

तिने चहा संपवला, ग्लास खाली ठेवला. "आनि हे मी ठेवा म्हनल्यावर सांगताय," ती म्हणाली. मग गाडीत बसल्यावर, "मी म्हनलं त्ये मागं घेत न्हाई. ठेवा. पर पुन्यांदा असं करू नगा."

तिने माफ केलं होतं. तेच मला पचेना. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये लेथवरच्या एका टर्नरने बिघडलेल्या मापाने चार शाफ्ट उडवले, चारही भंगारात. मी ओरडायला तोंड उघडलं, "माप चुकतंय हे दिसल्यावर मशीन थांबवायला काय..." आणि पुढचं वाक्य बाहेर पडेना. तो माझ्याकडे बघत राहिला. मी केबिनमध्ये जाऊन बसलो. त्याने चार शाफ्ट उडवले होते. मी तिला शेजारी बसवून तेच केलं होतं, आणि ते विमान हातचं जाऊ नये म्हणून. पुन्हा तशी वेळ आली तर मी थांबेन असं मला छातीठोकपणे म्हणता येईना.

मी विमान विकायला काढलं. ती तीन दिवस माझ्याशी भांडली. शब्द तुमचा होता आणि मी तर ठेवा म्हनले, मग विकताय कुणासाठी, असं विचारत राहिली. मी एवढंच म्हणालो, तुझ्यासाठी नाही, माझा भरवसा उरला नाही म्हणून. ते तिला पटलं नाही.

दिवाळीनंतर कर्नाटकातून एकजण आला. शांत माणूस. त्याने विमान तासभर तपासलं, नळीच्या तोंडात दोनदा वाकून बघितलं. मग एकटाच बसला आणि दक्षिणेकडे निघून गेला. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही दोघं शेडच्या दारात उभे होतो. मला रडू येईल असं वाटलं होतं. रडली ती. पदराने तोंड पुसत म्हणाली, "मला आजून एकदा बसायचं हुतं."

मी शेडचं दार ओढून घेतलं.