तेलाच्या डब्यांतली लिंबं

एक ऑगस्टला कलमवाल्या काकांनी जमीनमालकाच्या हातावर अठरा हजार चारशे रुपये मोजले. अकरा महिन्यांचा खंड. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. दर वेळी नवा कागद, आणि मुदत अकरा महिन्यांचीच. बारावा महिना लागला तर हा माणूस हक्क सांगेल, ही मालकाची धास्ती.

लोकांच्या बागा काकांनी कलमं बांधून उभ्या केल्या. स्वतः पिकवायचे मुळा आणि कोथिंबीर. दीड महिन्यात हाती येईल तेवढंच. लिंबाची चाळीस झाडं होती, पण तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत. उठवलं तर उचलून नेता यावीत म्हणून. तीन वर्षांची, आणि गुडघ्याएवढी.

"काका, कशाला कोंडलीत बिचाऱ्यांना?" मालकाचा मुलगा म्हणाला. "लावा की जमिनीत. तुम्हाला कोण उठवतंय?"

"दहा वर्षांचा कागद करून द्या, आजच लावतो."

"म्हणजे आमच्या शब्दाला किंमत नाही?"

काकांना भीड पडली. खड्डे घेतले, शेणखत भरलं, झाडं लावली आणि रिकामे डबे भंगारात दिले.

"तो कागद करीना, आणि तुम्ही डबेही विकून बसलात!" काकू कडाडल्या.

एप्रिलअखेर झाडांनी फळ धरलं, तसा मुलगा हजर.

"जुलैपासून छत्तीस हजार. आता बाग झालीय ना."

"बाग केली कोणी?"

"जमीन कोणाची?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुऱ्हाड घेऊन निघाले, तर काकू दारात आडव्या.

"झाडांनी काय घोडं मारलंय तुमचं? लोकांसाठी जन्मभर कलमं बांधलीत, एकदा स्वतःसाठी बांधा."

दुसऱ्याच दिवशी काकांनी प्रत्येक झाडाची जोमदार फांदी निवडली, तिची बोटभर साल काढली, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक आवळलं. जूनअखेर प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसू लागल्या. शेवटच्या दिवशी मुलाच्या देखत त्यांनी चाळीसही फांद्या मुळांसकट उतरवल्या. फळंही तोडली, कच्ची.

"अहो काका, बागेचं काय?"

"ठेव तुला." काकांनी पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं. "उद्यापासून पाण्याऐवजी तिला तुझा शब्द घाल."

घरामागच्या बोळात पुन्हा डबे मांडले. पुन्हा पहिल्यापासून. दहाला घेतलेला डबा भंगारवाल्याने पंचविसाला दिला. त्याचे एकशे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.